सासऱ्या-सुनेची बिजागरी

कारखान्यात तिला सगळे बिजागरीबाई म्हणत. पाठीमागे म्हणत तसंच तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं वाईट वाटत नसे. गेली चौदा वर्षं तिने खरोखरच बिजागरीशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

उपग्रह वर जातो तेव्हा त्याचे सौरपंख घडी करून अंगाशी बांधलेले असतात. वर पोचल्यावर बांधलेली दोरी तोडतात, बिजागरीतली स्प्रिंग पंख ढकलते आणि पंख उघडतो. उघडला तर उपग्रहाला वीज मिळते. नाही उघडला तर शेकडो माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं यंत्र नुसता दगड होऊन पृथ्वीभोवती फिरत राहतं. हे सगळं ज्या वीतभर बिजागऱ्यांवर अवलंबून, त्या हिच्या.

"जन्मात एकदाच तोंड उघडायचं आणि तेही चुकायचं नाही, असं काम आहे हे," ती एकदा नवऱ्याला म्हणाली.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. "मग ती बिजागरी आमच्या घराण्यातली नव्हे," तो म्हणाला.

यात तथ्य होतं. नवरा दिवसभर बोले आणि क्वचितच बरोबर बोले. पण त्याचे वडील मात्र तसे नव्हते. ते जवळजवळ बोलतच नसत. एक्केचाळीस वर्षं त्यांनी विमानांच्या हँगरमध्ये फिटर म्हणून काढली होती. चाकं, चाकांवरची दारं, पंखांवरच्या झडपा, विमानाचं जे जे हलतं ते त्यांच्या हाताखालून गेलेलं. सासूबाई गेल्या आणि आठ महिन्यांपूर्वी ते मुलाकडे राहायला आले, ते एक पेटी कपड्यांची आणि चार पेट्या हत्यारांच्या घेऊन.

आल्या आल्या त्यांनी घर दुरुस्त करायला घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. न्हाणीघराची कडी, पंख्याची घरघर, खिडकीचा न बसणारा अडसर. एक दिवस ती कामावरून आली तर स्वयंपाकघरातले सगळे खण असे सुळकन सरकायला लागले होते की धक्का लागला की चमचे जमिनीवर. तिने आपलं "वा, छान झालं हो बाबा" म्हटलं. ते "हं" म्हणाले. आठ महिन्यांत सासऱ्या-सुनेचं बोलणं एवढंच: हं, बरं, जेवण झालं का, झालं. दोघांच्या मनात एकमेकांबद्दल वाईट काही नव्हतं. फक्त सुरुवात कुठून करायची ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ती सुरुवात एका शनिवारी झाली, आणि ती भांडणाने झाली.

त्या शुक्रवारी तिने चाचणीतली एक बिजागरी घरी आणली होती. नियमात ते बसत नव्हतं, पण तिच्यावरचा कोरडा लेप कुठे झिजलाय ते तिला निवांत पाहायचं होतं. पिशवीत बंद करून तिने ती टेबलावर ठेवली आणि सकाळी बाजारात गेली. परत आली तर सासरे खिडकीपाशी बसून बिजागरी उघडत-मिटत होते. चेहऱ्यावर समाधान. शेजारी शिवणयंत्राच्या तेलाची बाटली.

"कोरडी ठणठणीत होती गं," ते म्हणाले. आठ महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. "दोन थेंब सोडले. आता बघ, कशी लोण्यासारखी फिरते."

"बाबा!" तिच्या हातातली पिशवी खाली आली. "अहो, काय केलंत हे? तेल? तेल लावलंत? सोमवारी चाचणी होती तिची! दोन महिने... हात लावायच्या आधी विचारायचं तरी! घरातलं काही म्हणून तसं राहू देणार नाही का तुम्ही?"

शेवटचं वाक्य निघून गेल्यावर तिला कळलं की ते बिजागरीबद्दल नव्हतं.

सासऱ्यांनी बिजागरी हळूच टेबलावर ठेवली, बाटलीचं बूच लावलं आणि उठून आपल्या खोलीत गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. नवरा दोन्ही दारांच्या मध्ये उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता.

"मी काही म्हणत नाही," तो म्हणाला.

"मग म्हणू नकोस."

"पण त्यांच्या हातून आयुष्यात एकही विमान बिघडलं नाही. आणि आज सुनेने सांगितलं की तुम्ही वस्तू बिघडवलीत. एवढंच."

संध्याकाळी तिने दोन कप चहा केला आणि सासऱ्यांच्या खोलीत गेली. ते पलंगाच्या कडेला बसले होते, हात गुडघ्यांवर. तिने कप पुढे केला तसे ते म्हणाले, "अर्धा दे. भरलेला नको." ते नेहमीच अर्धा कप घेत. तिने अर्धा आपल्या कपात ओतून घेतला आणि खुर्ची ओढून बसली.

"चुकलं माझं, बाबा. इतकं बोलायला नको होतं."

"माझंही चुकलंच." त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग अगदी खरोखरच्या कुतूहलाने त्यांनी विचारलं, "पण तेल का नको?"

आणि तिने सांगितलं. वर हवा नसते, म्हणून साधं तेल हळूहळू उडून जातं. उडतं ते जाऊन काचांवर, कॅमेऱ्यांच्या भिंगांवर बसतं आणि सगळं आंधळं करून टाकतं. जे उरतं ते थंडीत मधासारखं घट्ट होतं. म्हणून तेल नाही, ग्रीस नाही, फक्त केसाहून पातळ असा कोरडा लेप. सासरे ऐकत होते. मध्ये त्यांनी दोनच प्रश्न विचारले, पण ते असे होते की कारखान्यातल्या बैठकीत कोणी विचारले असते तर तिने त्या माणसाचं नाव लिहून ठेवलं असतं.

"म्हणजे आपल्याकडे वंगण नसलं की लोखंड ओरडतं," शेवटी ते म्हणाले, "आणि तुझ्याकडे ओरडायलाही हवा नाही."

ती हसली. त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा त्यांच्या खोलीत होऊ लागला. ती दिवसभराचं सांगे, ते विमानांचं सांगत. नवरा कधी डोकवायचा, पाच मिनिटं ऐकायचा आणि "मला नदीखोरी बरी" म्हणून निघून जायचा.

तेल लागलेली बिजागरी बाद झाली. तिने कारखान्यात खरं काय ते सांगितलं, आणि त्याबद्दल तिला तिच्या प्रमुखांकडून ऐकून घ्यावं लागलं. या प्रमुख म्हणजे एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. उपग्रहाच्या प्रत्येक भागातून ग्रॅम ग्रॅम वजन कापायचं हे त्यांचं काम, म्हणून त्यांना सगळे कात्रीबाई म्हणत. त्यांना मात्र तोंडावर नाही.

खरा घोटाळा त्यानंतर दोन महिन्यांनी झाला.

तोवर बिजागऱ्यांची परीक्षा एकेकटीची झाली होती. छोट्या टाकीतली सगळी हवा काढून, भयंकर थंडी करून, एकेक बिजागरी दोनशे वेळा उघडली होती. एकदाही अडकली नव्हती. आता अख्खा पंख लावून मोठ्या टाकीत उघडायचा होता. एका पंखाला दोन बिजागऱ्या, एक वर, एक खाली, दाराला असतात तशा. पंख वरून तारेने तोललेला, म्हणजे त्याचं वजन आड येऊ नये. टाकी चालवणारा माणूस जाडजूड, शांत, बाराही महिने स्वेटर घालणारा. त्याला थंडोबा म्हणत.

"सोडू का?" थंडोबाने विचारलं.

"सोडा."

दोरी तुटली. काचेच्या झरोक्यातून तिने पाहिलं: पंख हलला, वळला, अगदी हवा तसा सावकाश येत राहिला, आणि नव्वद अंशांपैकी साठाला येऊन थांबला. थांबला तो थांबलाच. थंडोबाने तिच्याकडे पाहिलं नाही. तो आपल्या आकड्यांकडेच पाहत राहिला, आणि त्याचा हा चांगुलपणा तिला फार लागला.

तीनदा केलं, तिन्ही वेळा साठच्या आसपास. गरम करून केलं तर सुळकन उघडे. थंड केलं की अडे.

"जास्त ताकदीची स्प्रिंग घाला," बैठकीत कोणीतरी सुचवलं.

"मग उन्हात उघडला तर इतक्या जोरात आपटेल की काचा तडकतील," ती म्हणाली. ते तिने आधीच करून पाहिलं होतं.

कात्रीबाईंनी चष्मा काढून पुसला. "पंख द्यायला चोवीस दिवस आहेत. त्यातले अकरा तुझे. बाराव्या दिवशी मी जुन्या पद्धतीच्या बिजागऱ्या लावेन. त्या जड आहेत आणि मला त्या आवडत नाहीत, पण त्या उघडतात."

त्या संध्याकाळी चहा तिने केला नाही. ती सासऱ्यांच्या खोलीत येऊन नुसती बसली. तेच उठले, आत गेले आणि चहा करून घेऊन आले. दोन्ही कप अर्धेअर्धे.

"अडली?"

"अडली."

"कुठे?"

"साठावर. दर वेळी साठावरच. एकेकटी असताना कध्धीच अडत नाही हो बाबा. दोनशे वेळा उघडलीय. जोडीने लावली की अडते."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. "काय म्हणालीस? परत सांग."

"जोडीने लावली की अडते."

"मग ती बिजागरी नाही अडत," ते म्हणाले. "त्या भांडतायत."

पुढचा दीड तास घरात ठोकाठोकी चालू होती. त्यांनी कपाटाची एक फळी काढली, आपल्या पेटीतून दोन पितळी बिजागऱ्या काढल्या आणि फळी दाराच्या चौकटीला बसवली. फळी बोटाने ढकलली तशी अलगद फिरली. मग खालच्या बिजागरीचे स्क्रू सैल करून त्यांनी तिला वरच्या दिशेने थोडंसं रेटलं, जाड पुठ्ठ्याएवढंच, आणि स्क्रू परत आवळले. आवळताना त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर दोन्ही हातांनी धरला होता. "ढकल आता."

तिने ढकललं. फळी निघाली, फिरली, मंदावली आणि अर्ध्याहून जास्त वाटेवर आल्यावर थांबली.

"दोघी चांगल्या घरच्या," सासरे म्हणाले, "पण दोघींमधलं अंतर बदललं की एक वर ओढते, एक खाली. सुरुवातीला धक्का असतो तेव्हा भागतं. जोर ओसरला की दोघी हटून बसतात."

"पण अंतर बदलणार कसं? उपग्रहाची भिंतही त्याच धातूची, पंखाची चौकटही त्याच धातूची. थंडीत दोन्ही सारखंच आखडणार. मी स्वतः हिशेब केलाय."

"केला असशील," ते म्हणाले. "दोन्ही सारखंच थंड होतं का?"

ती उठली. मग तिने थंडोबाला फोन लावला. त्याने चाचणीचे आकडे वाचून दाखवले. पंख अतिशय थंड होता. पण उपग्रहाच्या अंगात यंत्रं जपायला छोटे हीटर असतात, ते चालू होते. भिंत पंखापेक्षा चांगली पन्नास अंशांनी उबदार होती. कागदावर तिने दोघांना एकच थंडी दिली होती. फोन ठेवून तिने हिशेब मांडला. दोन बिजागऱ्यांच्या अंतरात फरक पडत होता पाऊण मिलिमीटर. तिने सूट ठेवली होती पाव.

"चौदा वर्षं," ती म्हणाली. "चौदा वर्षं हेच करते मी, बाबा."

"मी एक्केचाळीस वर्षं केलं आणि एकदा चाकाचं दार उलटं लावलं होतं," सासरे म्हणाले. "कोणाला सांगू नकोस. त्याला तर मुळीच नको."

"ऐकलं मी!" बाहेरच्या खोलीतून नवरा ओरडला.

मग त्यांनी तिला विमानाचं सांगितलं. विमान उडताना पंख वाकतो. त्या पंखावर लांबलचक झडप असते, तीन-तीन चार-चार बिजागऱ्यांवर बसवलेली. सगळ्या घट्ट केल्या तर पंख वाकताच झडप अडेल. म्हणून एकच बिजागरी घट्ट ठेवतात, ती जागा धरून राहते. बाकीच्यांना आपापल्या पिनवर जरा सरकायला मोकळीक देतात. "घरात एकाने हट्टी असावं, बाकीच्यांनी सरकून घ्यावं. आमच्यात ती हट्टी होती." सासूबाईंचं नाव न घेता ते हे बोलले, आणि आठ महिन्यांत, खरं म्हणजे आता दहा महिन्यांत, त्यांनी बायकोचा विषय पहिल्यांदाच काढला होता.

पण एवढ्यावर भागणार नव्हतं. एक बिजागरी सरकती ठेवावी तर रॉकेट वर जाताना जो हादरा बसतो, त्यात ती सैल बिजागरी खुळखुळ्यासारखी वाजून स्वतःला फोडून घेईल. जाताना घट्ट हवी, पोचल्यावर सैल. आणि घट्टाची सैल करायला वर कोणी माणूस बसलेला नाही.

चार दिवस ती चित्रं काढत होती. संध्याकाळी कागद सासऱ्यांपुढे ठेवायची, आणि ते एकेका चित्रावर बोट ठेवत: "हे अडेल." "हे तुटेल." "याला वेगळी मोटर? मग मोटर अडली तर?" नवव्या चित्राला ते नुसतेच "छे" म्हणाले. त्यावर ती चिडली.

"मग तुम्हीच सांगा ना कसं ते!"

"मला चित्र येत नाही. मला इतकंच कळतं की घट्ट करायला आणि सोडायला वेगळा नोकर ठेवू नये. जे दार मिटतं त्यानेच मिटताना आवळावं, उघडताना सोडावं."

ती कागदाकडे पाहत राहिली. मग तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला दहावं चित्र काढलं. बिजागरीच्या पिनवर शंकूच्या आकाराचा एक छोटा बुश, म्हणजे पिनवर चढणारी धातूची नळी. पंख मिटलेला असताना तो शंकू आपल्या खोबणीत घट्ट रुतलेला, बाटलीत बूच बसावं तसा. बुशाच्या कडेला तिरका उतार. पंख उघडायला लागला की पहिल्या दहा अंशांतच तो उतार शंकूला मिलिमीटरभर मागे ढकलतो, आणि तिथून पुढे बिजागरी पिनवर हवी तशी सरकायला मोकळी.

सासऱ्यांनी कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिलं.

"शंकू फार निमुळता करू नकोस," ते म्हणाले. "चावून बसेल, सुटायचा नाही. जरा पसरट ठेव."

आजवरच्या दहा चित्रांत त्यांनी न मोडलेलं हे एकच.

लेथवर शंकू आणि खोबण कातून झाली तेव्हा अकरापैकी सात दिवस गेले होते. आता दोन्ही भाग एकमेकांवर घासून असे जुळवायचे होते की मध्ये कुठे उजेड दिसू नये, आणि मगच त्यांच्यावर लेप चढणार. हे काम करणारा कारागीर मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर होता. दुसऱ्या कोणाला हे हाताने करायची सवय नव्हती. ती कात्रीबाईंकडे गेली आणि म्हणाली, "माझे सासरे करतील."

"तेल लावणारे?"

"तेच."

कात्रीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि पासवर सही केली.

सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. कारखान्यात शिरताना त्यांनी उंबरठ्याशी क्षणभर थांबून वास घेतला. तापलेल्या धातूचा, थंड करायच्या पाण्याचा. मग बाकापाशी बसले, शंकू हातात घेतला, त्यावर घासायच्या बारीक भुकटीची पेस्ट लावली. खोबणीवर टेकवायला गेले आणि त्यांचा हात थरथरला. थोडाथोडका नाही. शंकू खोबणीच्या कडेवर टकटक वाजला. त्यांनी हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने मनगट धरलं, पुन्हा नेला. पुन्हा टकटक.

आत्ता तिला कळलं. अर्धा कप. दोन्ही हातांनी धरलेला स्क्रू-ड्रायव्हर. दहा महिने ती या माणसाबरोबर एका घरात राहत होती आणि मिलिमीटरचा पाव भाग तिच्या नजरेतून सुटत नसे.

"कधीपासून, बाबा?"

"ती गेली त्याच्या थोडं आधीपासून." त्यांनी शंकू फडक्यावर ठेवला. "कड्या, खण, खिडक्या, तेवढं जमतं. हे नाही जमायचं. मला वाटलं होतं, आज जमेल."

ते उठायला लागले. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा बसवलं, आणि दुसरं स्टूल ओढून शेजारी बसली.

"सांगा," ती म्हणाली. "हात माझे घ्या."

"तू? तू तर कागदावरची."

"म्हणून तर म्हणते, सांगा."

आणि मग दोन दिवस त्या बाकावर जे चाललं ते बघायला थंडोबासुद्धा टाकी सोडून येऊन जायचा. सासरे डोळे मिटून बसत आणि नुसत्या आवाजावरून सांगत. "दाबू नकोस. त्याचं वजन त्याला पुरे. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. ऐक, आता खरखर कमी झाली ना? उचल. पूस. पेस्ट नवी घे. अगं, एवढी नको, पोळीला तूप लावतेस का?" पहिला शंकू तिने वाकडा घासून बाद केला. दुसरा त्यांनी बाद केला. तिला तो चांगला वाटत होता. तिसऱ्याच्या वेळी दुपारी तीनच्या सुमाराला तिच्या बोटांना काहीतरी जाणवलं. आतापर्यंत शंकू खोबणीत फिरत होता. आता तो बसला. तिने न बोलता सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण मान हलली.

"हे कागदावर कसं लिहितात?" तिने विचारलं.

"लिहीत नाहीत."

अकराव्या दिवशी सकाळी पंख मोठ्या टाकीत टांगला गेला. भिंत उबदार, पंख गोठलेला, अगदी वर असेल तसं. त्याआधी हादऱ्याच्या मेजावर तो पाच मिनिटं असा थरथरवला होता की बघणाऱ्यांचे दात वाजावेत. शंकू जागचा हलला नव्हता. कात्रीबाई स्वतः आल्या होत्या. झरोक्यापाशी एकालाच उभं राहता येई. सुनेने सासऱ्यांना पुढे केलं.

"सोडू का?" थंडोबाने विचारलं.

तिच्या आधी सासरेच म्हणाले, "सोडा की."

तिला काही दिसत नव्हतं. तिला फक्त सासऱ्यांची पाठ दिसत होती. ती पाठ ताठ होती, आणि मग हळूहळू सैल झाली. "नव्वद," थंडोबा म्हणाला. दुपारपर्यंत अकरा वेळा उघडला आणि अकराही वेळा नव्वद.

"नवा बुश वजनाला किती?" कात्रीबाईंनी विचारलं.

"अडतीस ग्रॅम जास्त."

"अडतीस!" त्यांनी छातीवर हात ठेवला. मग सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही मंगळवारी मोकळे असता का? आमच्या पोरांना काही म्हणजे काही हाताने करता येत नाही."

"मंगळवारी का? मी रोज मोकळा असतो," सासरे म्हणाले.

शोधाची नोंदणी करायची ठरली तेव्हा मात्र त्यांनी हट्ट धरला. अर्जात संशोधकांच्या जागी तिने दोन नावं लिहिली होती. त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवून सांगितलं, हे काढ.

"मी काय केलं? विमानात जे असतं ते सांगितलं. चित्र तुझं, हात तुझे."

"भांडतायत हे कोणी ओळखलं? मिटणाऱ्यानेच आवळावं, हे कोण म्हणालं?"

"बोलणाऱ्याचं नाव नसतं घालत गं. हँगरमध्ये मी एक चिमटा केला होता, चाकाच्या दाराची तार सुटू नये म्हणून. कागद सूचनांच्या पेटीत टाकला. सहा महिन्यांनी सगळ्या विमानांवर तसाच चिमटा आला. बरं वाटलं. नाव कशाला लागतं?"

"कोणाला सांगितलंत तुम्ही हे?"

"तिला."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, नाव का नाही लिहिलंत कागदावर."

"झालं तर मग," सून म्हणाली आणि अर्ज पाकिटात घातला.

महिन्याभराने नोंदणी कार्यालयातून फोन आला. तिथले गृहस्थ अतिशय नम्र होते. दोन्ही संशोधकांचं आडनाव एकच आहे, पत्ताही एकच आहे, तर नोंदीसाठी विचारतो, आपण पती-पत्नी का?

"नाही. सासरे आणि सून."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज. "बाई, बावीस वर्षं मी या टेबलावर आहे," ते म्हणाले. "सासरे-सून एकत्र काहीतरी शोधून काढतायत, असं पहिल्यांदाच आलं. भांडला नाहीत?"

"भांडलो ना. म्हणूनच तर."

उपग्रह वर गेला तो पुढच्या वर्षी. पंख उघडायचा दिवस होता गुरुवार, सकाळचे दहा वाजून गेलेले. नियंत्रण कक्षात बाहेरच्या माणसांना जागा नव्हती, म्हणून सासरे घरी होते आणि नवऱ्याने त्यांच्या सोबतीसाठी रजा टाकली होती. पडद्यावर पंख दिसत नाही. दिसतो तो फक्त विजेचा आकडा. आज्ञा गेली. आकडा होता तसाच राहिला, पूर्ण बारा सेकंद, असं नंतर नोंदीत दिसलं. सेकंद मोजायला तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पण बघूनही तिला किती वाजले ते कळलं नाही. मग आकडा हलला. चढायला लागला. चढत चढत एका जागी येऊन थांबला, आणि ती जागा बरोबर होती. खोलीत टाळ्या झाल्या. कात्रीबाईंनी सगळ्यांसमोर तिला मिठी मारली. असं काही त्या करतात हे कोणालाच माहीत नव्हतं.

तिने घरी फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलला गेला.

"उघडला, बाबा. दोन्ही पंख."

पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, त्यांनी फोन माझ्याकडे दिला. खिडकीपाशी जाऊन उभे राहिलेत. थांब, बोलतील ते. दोन मिनिटं दे त्यांना."

घरी पोचायला तिला संध्याकाळ झाली. बाप-लेकांनी मिळून स्वयंपाक केला होता आणि तो ज्याने त्याने दुसऱ्यावर ढकलला. पानावर बसल्या बसल्या सासऱ्यांनी पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. कोण कुठे बसलं होतं, आज्ञा कोणी दिली, आकडा किती वेळ हलला नाही. तिने सांगितलं. जेवण झाल्यावर पुन्हा सांगायला लावलं. शेजारचे आजोबा आले तेव्हा तिसऱ्यांदा. एव्हाना ती दमली होती, म्हणून "मग आज्ञा गेली आणि आकडा चढला" असं तिने उरकायला घेतलं.

"थांब," सासरे म्हणाले. "मधले बारा सेकंद राहिले. ते सांग."

तिने पुन्हा मागे जाऊन ते बारा सेकंद सांगितले, एकेक करून.